दर वर्षी नवा झगा

(वचन : १ शमुवेल, अध्याय २, ओवी १९. वाचकांनी हे वचन व त्याच्या मागीलपुढील ओव्या आपल्या पवित्र शास्त्रातून काढून प्रथम वाचाव्यात आणि मग पुढील विवेचनाकडे वळावे.)



पवित्र शास्त्रात राजांच्या लढाया, संदेष्ट्यांची भाषणे व मंदिराची मापे विस्ताराने दिलेली आहेत. त्याच शास्त्रात एका आईने आपल्या हाताने केलेल्या लहानशा झग्यासाठी एक सबंध ओवी राखून ठेवलेली आहे, ही गोष्ट नुसती वाचून पुढे जाण्यासारखी नव्हे. एलकानाची पत्नी हन्ना हिला पुष्कळ वर्षे मूल नव्हते. तिने शिलो येथे अश्रू गाळून देवाजवळ पुत्र मागितला आणि तो झाल्यास देवाच्याच सेवेस देईन असा नवस केला. शमुवेलाचे दूध सुटल्यावर तिने तो नवस फेडला व मूल एली याजकाच्या स्वाधीन केले. तेव्हापासून आई रामा येथे व लेकरू शिलो येथे, असा त्यांचा संसार झाला. वार्षिक यज्ञाच्या वेळी ती पतीबरोबर वर जाई, आणि प्रत्येक वेळी मुलासाठी एक लहानसा झगा करून नेई.

आता पाहा, झगा करावयाचा म्हणजे माप पाहिजे. मूल तर समोर नाही. गेल्या वर्षीचे माप यंदा उपयोगी पडत नाही, कारण लेकरू स्वस्थ बसून राहत नाही, ते वाढते. म्हणून झगा बेतण्यापूर्वी हन्नेला मनात हे ठरवावे लागत असेल की, माझा शमुवेल आता किती उंच झाला असेल, त्याचे खांदे किती भरले असतील. ज्या आईला काम आहे व ज्या आईचे मूल तिच्या डोळ्यांआड आहे, तिच्यासाठी या एका ओवीत पुष्कळ शिक्षण साठविलेले आहे.

आज हे वचन मी विशेषेकरून अशा आईबापांसाठी घेतले आहे की, ज्यांचा चरितार्थ लोकांच्या केसांवर चालतो आणि ज्यांचे मूल आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभे आहे. आपले बदनापूर आता तालुक्याचे गाव झाले आहे. एका अंगास सुमारे २० किलोमीटरांवर जालना, दुसऱ्या अंगास छत्रपती संभाजीनगर, गावास रेल्वेचे स्थानक आणि गावावरून जाणारा हमरस्ता. अशा गावच्या बाजारपेठेत पूर्वी न्हाव्याची एखादी खुर्ची व एक आरसा असे. आज तेथे केशकर्तनालये व स्त्रियांची ब्युटी पार्लरे उभी राहिली आहेत. कित्येक भगिनी घराच्या पुढल्या खोलीत आरसा लावून हाच धंदा करतात, आणि लग्नघरी बोलावणे आले की पिशवीत कंगवे, पिना, गजरे व रंगाच्या डब्या घेऊन पहाटेच निघतात.

अशा एका घराची कल्पना डोळ्यांपुढे आणा. आई पार्लर चालविते. घरात बारावीत शिकणारी मुलगी आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि उन्हाळ्यात ती भरास येते. त्या आईची सबंध वर्षाची कमाई त्या थोड्या महिन्यांत व्हावयाची असते. परंतु बारावीची परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चात, तिच्यामागून एप्रिल-मे महिन्यांत सीईटी, आणि वैद्यकीय शाखेची नीट परीक्षा तर २०२४ साली ५ मे रोजी व २०२५ साली ४ मे रोजी, म्हणजे दोन्ही वेळा ऐन उन्हाळ्यातील रविवारी झाली. तेव्हा ज्या पहाटे कोणाच्या तरी नवरीचा अंबाडा घालावयास जावयाचे, त्याच पहाटे आपल्या मुलीला डबा करून परीक्षेस पाठवावयाचे असते. न जावे तर फीचे पैसे कोठून आणावयाचे? जावे तर मुलीजवळ कोण बसेल? या दोन प्रश्नांच्या मध्ये ती आई उभी आहे, आणि दिवसभर खुर्चीमागे उभी राहून तिचे पाय आधीच भरून आलेले आहेत.

अशा आईला नुसता उपदेश करणे सोपे आहे. म्हणून प्रथम तिच्या धंद्याविषयी एक शब्द बोलतो.

कोणी म्हणतात की, केसांची वेणीफणी व शृंगार हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही, आणि त्यासाठी १ पेत्र ३:३ या वचनाचा आधार दाखवितात. परंतु प्रेषिताचा रोख तेथे वेणी घालणाऱ्या हातांवर नाही. स्त्रीने आपली सारी शोभा बाहेरच्या सजावटीत ठेवू नये, अंतःकरणातील सौम्यतेत ठेवावी, एवढेच तो सांगतो. योसेफाला बंदिखान्यातून काढून फारोपुढे नेले, तेव्हा त्याने आधी क्षौर केले व वस्त्रे बदलली, असे उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायात सांगितले आहे. आपल्या डोक्यावरील केसही मोजलेले आहेत असे प्रभूने म्हटले, त्यावरून ज्या वस्तूला आपण क्षुल्लक म्हणतो तीही स्वर्गातील पित्याच्या हिशेबात आहे, हे उघड होते. पौल स्वतः तंबू करून पोट भरीत असे. तेव्हा जो हात प्रामाणिकपणे कात्री किंवा वस्तरा धरतो, त्याने खाली मान घालण्याचे काहीच कारण नाही.

हे मी अशासाठी सांगतो की, महाविद्यालयात जाऊ लागलेल्या मुलांस कधी कधी आईबापांच्या धंद्याची लाज वाटू लागते. नव्या मित्रमंडळीत "तुझी आई काय करते?" असा प्रश्न आला की जीभ अडखळते. अशा मुलांस या धंद्याचा इतिहास सांगावा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी सभा भरवून एकत्र आली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा त्यांनी ठराव केला. त्या कामी मिळणारे पैसे त्यांस नको होते असे नाही; परंतु रडणाऱ्या स्त्रीच्या मस्तकावर वस्तरा चालविणे त्यांच्या मनास पटेना. मोठमोठ्या पंडितांत विधवांच्या दुःखाविषयी वाद चालू असता ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. हा त्या धंद्याचा मान आहे.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हासूरसासगिरी या गावच्या शांताबाई यादव यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९८४ साली त्यांचे पती श्रीपती वारले. मागे चार मुली राहिल्या. थोरली अद्याप लहान, धाकटी अगदीच तान्ही. शेतमजुरीवर पाच जणींचे पोट भरेना, आणि त्या माऊलीच्या मनात मुलींसह जीव देण्याचे विचार येऊ लागले. अशा वेळी गावातील हरिभाऊ कडूकर या गृहस्थांनी त्यांस सांगितले की, पतीचा वस्तरा घरात आहे, तो तुम्हीच हाती घ्या. बाईने पुरुषांची दाढी करावी ही गोष्ट त्या काळी कोणी ऐकलेली नव्हती. लोक हसले. परंतु हरिभाऊंनी नुसता सल्ला देऊन आपले अंग काढून घेतले नाही. ते स्वतः पहिले गिऱ्हाईक होऊन शांताबाईंपुढे बसले. पुढे आसपासच्या गावांस पायी जाऊन, माणसांची हजामत करून व जनावरांचेही केस भादरून त्या माऊलीने चारही मुली वाढविल्या व त्यांची लग्ने करून दिली. ज्या वस्तऱ्यास लोक हसले त्याच वस्तऱ्याने पाच जीव वाचविले.

तर मग धंदा प्रतिष्ठेचा आहे, हे ठरले. आता हन्नेच्या झग्याकडे वळू. त्यातून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट : झगा मुलाच्या मापाचा होता.

ज्या अध्यायात हन्नेचा झगा आला आहे त्याच अध्यायात आणखी एका पालकाची हकीकत आहे. तो एली याजक होय. या दोघांस शेजारी शेजारी ठेवून पाहा. हन्ना मुलापासून दूर राहत असे. एलीचे दोन्ही पुत्र, हफनी व फिनहास, त्याच्याच जवळ, त्याच्याच कामात होते. हन्ना वर्षातून एकदा मुलास भेटे. एलीला पुत्र रोज दिसावयास पाहिजे होते. तथापि हन्नेला आपल्या मुलाचे माप ठाऊक होते, आणि एलीला आपल्या पुत्रांची वागणूक लोकांच्या तोंडून ऐकावी लागली. कानी आल्यावर तो रागे भरला, परंतु फार उशिरा व फार हलक्या हाताने. त्याचे काम काही वाईट नव्हते. देवाच्या मंदिराचीच सेवा तो करीत होता. परंतु कामाचे पावित्र्य मुलांकडे पाहण्याची उणीव भरून काढीत नाही. हे वचन पाळकांनी व उपदेशकांनीही आपणांस लावून घ्यावे.

यावरून असे दिसते की, मुलाजवळ आपण किती तास बसलो, एवढ्याने सर्व हिशेब होत नाही. घरात दिवसभर बसूनही मुलाकडे न पाहणारे आईबाप आहेत. आणि दिवसभर दुकानात उभे राहूनही मुलाची नाडी ओळखणारे आहेत. ज्या भगिनी केशभूषेचे काम करतात त्यांना तर पाहण्याची विद्याच अवगत असते. गिऱ्हाईक खुर्चीवर बसले की त्या लगेच कात्री चालवीत नाहीत. आधी केसांतून हात फिरवितात, केस राठ की मऊ, विरळ की दाट, भोवरा कोठे आहे, हे पाहतात, "कसे करू?" असे विचारतात, आणि मग कात्री उचलतात. शिवाय त्यांस हेही ठाऊक असते की, खुर्चीवर बसलेली बाई आरशात पाहता पाहता आपल्या मनातील पुष्कळ गोष्टी बोलून जाते. तर मग, भगिनींनो, जे कौशल्य तुम्ही परक्या मस्तकासाठी रोज वापरता ते आपल्या घरातील एका मस्तकासाठी वापरा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी समोर बसवून विचारली की उत्तर देत नाही. परंतु रात्री तिच्या केसांना तेल लावावयास बसलात तर ती आपण होऊन बोलेल. तुमचा हात तिच्या डोक्यावर असेल व तुमचे डोळे तिच्या डोळ्यांवर रोखलेले नसतील. तेव्हा तिला बोलण्याची भीती वाटणार नाही. त्या अर्ध्या तासात तिच्या परीक्षेचे गुण विचारू नका. तिला काय वाटते ते ऐका.

आणि माप घेताना एक गोष्ट विशेष पाहावी. या वयात मुलावर परीक्षेचे, स्पर्धेचे व लोकांच्या बोलण्याचे ओझे असते. मूल जेवण टाकू लागले, झोपेनासे झाले, एकाएकी गप्प झाले, आपल्या वस्तू इतरांस वाटून देऊ लागले किंवा आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे बोलू लागले, तर ती गोष्ट "वयच तसे आहे" म्हणून सोडून देऊ नये. त्या दिवशी दुकान बंद ठेवावे लागले तरी बंद ठेवावे, मुलाजवळ बसावे, त्यास स्पष्टपणे विचारावे व डॉक्टरांस दाखवावे. मनाच्या दुखण्यासाठी भारत सरकारने २०२२ साली टेली-मानस नावाची सेवा सुरू केली असून तिचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर बोलण्यास पैसे पडत नाहीत. मदत मागणे हे विश्वासाच्या उणिवेचे लक्षण नव्हे. हन्नेनेही आपले दुःख मनात कोंडून ठेवले नाही; तिने ते देवापुढे ओतले, आणि एलीने विचारले तेव्हा त्यासही सांगितले.

दुसरी गोष्ट : हन्नेने प्रत्येक समयाचे काम त्या त्या समयी केले.

पहिल्या अध्यायाच्या २२व्या ओवीत असे आहे की, शमुवेल अंगावर पीत होता तोपर्यंत हन्ना वार्षिक यज्ञास वर गेली नाही. यज्ञास जाणे हे चांगले काम होते, सबंध घराणे जात होते. तरी ती म्हणाली, मी आता जाणार नाही. पुढे मूल मोठे झाल्यावर ती दर वर्षी गेली, आणि त्यानंतर देवाने तिला आणखी तीन पुत्र व दोन कन्या दिल्या तरीही शमुवेलाचा झगा चुकला नाही. याचा अर्थ असा की, सर्व कामे सर्व वेळी करावयास ती धावली नाही. कोणत्या वर्षी घरी थांबावयाचे व कोणत्या वर्षी निघावयाचे, हे तिने ठरविले होते.

आपणही असे ठरवावे. लग्नसराई व परीक्षा एकमेकींवर आदळणार, हे आपणांस आज ठाऊक आहे. तर मग त्याची तजवीज दिवाळीपूर्वीच का करू नये? परीक्षेची तारीख जाहीर होताच ती पार्लरच्या भिंतीवर, ऑर्डरी लिहिण्याच्या वहीशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून लावावी. ज्या दिवशी पेपर असेल त्या दिवसाची पहाटेची ऑर्डर घेऊ नये, दुपारची घ्यावी. गिऱ्हाइकास नम्रपणे सांगावे की, त्या दिवशी माझ्या मुलीची परीक्षा आहे. जिला लेकरे आहेत अशी कोणती बाई याचा राग धरील? दोन भगिनी एकाच गावात हा धंदा करीत असतील तर त्यांनी एकमेकींची ऑर्डर सांभाळावी. एकमेकींचे गिऱ्हाईक ओढू नये. सर्व ऑर्डरी नाकारणे परवडणारे नसते, हे मी जाणतो. परंतु सबंध हंगामातून पाच-सहा सकाळी मुलासाठी बाजूस काढणे बहुतेकांस शक्य आहे, आणि त्या सकाळी मूल जन्मभर विसरत नाही.

दाखल्यांचे कामही असेच समयी करावे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून असा निर्णय अमलात आणला की, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांतील, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्गातील व इतर मागास वर्गातील मुली केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास गेल्यास त्यांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ व्हावे. केस कापून पोट भरणाऱ्या कुटुंबास हा केवढा आधार आहे! परंतु उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला वेळेवर हाती नसेल तर ही सवलत दाराशी येऊनही घरात येत नाही. निकाल लागल्यावर सर्वांची एकाच वेळी धावपळ होते. तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वीच एक दिवस दुकान बंद ठेवून तहसील कचेरीचे काम करून घ्यावे. हेही मुलासाठी झगा बेतणेच होय.

शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, जेवण, पुस्तके व प्रवास यांचा खर्च राहतोच. म्हणून ऑर्डरीच्या प्रत्येक पैशातून थोडा भाग निराळा ठेवावा आणि त्यास लग्नकार्यात किंवा मोबाईलच्या खरेदीत हात लावू नये. २०२० सालची टाळेबंदी आपण विसरलो नाही. त्या वर्षी मार्चपासून राज्यातील केशकर्तनालये बंद पडली, ती २८ जून रोजी उघडण्यास मोकळीक मिळाली; तेव्हाही केस कापण्याची परवानगी होती, दाढीची नव्हती. २०२१च्या एप्रिलात पुन्हा टाळे लागले. ज्यांच्या घरी निराळी ठेवलेली पुंजी होती त्यांची मुले शाळेत टिकली. ज्यांनी सावकाराचे दार ठोठावले त्यांचे व्याज पुढेही फिटत राहिले. धंद्यासाठी कर्ज हवेच असेल तर ते बँकेतून घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश केला आहे त्यांत नाभिकाचा व्यवसाय आहे, आणि तीत पहिल्या टप्प्यास १ लाख रुपयांपर्यंत कर्ज शेकडा ५ व्याजाने देण्याची तरतूद केलेली आहे. तेव्हा अवजारांसाठी मुलाच्या शिक्षणाची पुंजी मोडण्याआधी तिकडे चौकशी करावी.

आता रविवाराविषयी. हा धंदा करणाऱ्यांस रविवार हा गिऱ्हाइकांचा दिवस असतो, म्हणून कित्येक घरे उपासनेस येत नाहीत. त्यांस दोष लावण्यापूर्वी शब्बाथाची आज्ञा नीट वाचू या. निर्गम २०:१० यात विसाव्याचा हक्क केवळ घरधन्यास दिलेला नाही. पुत्र, कन्या, चाकर, जनावरे व परका, या सर्वांची तेथे गणना आहे. पुत्र व कन्या यांचे नाव देवाने मुद्दाम घातले आहे. आईबापांचा विसावा हा मुलाचाही विसावा असतो, कारण त्या दिवशी त्यास आईबाप मिळतात. म्हणून उपासनेनंतर दुकान उघडा. उपासनेच्या वेळी मूल व आई एका बाकावर बसलेली असू द्या. आणि ज्या भगिनीस रविवारी काम केल्यावाचून गतीच नाही, तिने सोमवारची दुपार मुलांसाठी पवित्र मानावी. त्या दुपारी सर्वांनी एकत्र जेवावे, आणि दुकानाचा हिशेब ताटावर आणू नये.

तिसरी गोष्ट : झगा मुलास परत आणण्यासाठी नव्हता.

हन्ना दर वर्षी शिलोस गेली, परंतु "आता पुरे झाले, घरी चल" असे तिने कधी म्हटल्याचे शास्त्रात नाही. ज्या ठिकाणी मूल सेवा करीत होते त्या ठिकाणी त्यास ऊब मिळावी म्हणून तिने झगा नेला. शिवाय झगा तिच्या मापाचा नव्हता, एलकानाच्या मापाचा नव्हता. शमुवेलाच्या मापाचा होता.

येथे पुष्कळ चांगले आईबाप अडखळतात. स्वतः उन्हातान्हात कष्ट केलेले असतात, लोकांचे बोल ऐकलेले असतात. म्हणून मुलाने डॉक्टरच व्हावे, अभियंताच व्हावे, अशी उत्कंठा मनात धरलेली असते. ती उत्कंठा प्रेमातून उपजते, हे खरे. परंतु मोठ्या मनुष्याचा झगा लहान मुलास घातला तर तो त्यात अडकून पडतो, आणि लहान झग्यात वाढते मूल कोंबले तर शिवण उसवते. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे तुरीचे वाण शेतकऱ्यांस माहीत आहेत. कमी दिवसांत येणारे बीडीएन-७११ व उशिरा येणारे दुसरे वाण यांची कापणी एकाच दिवशी करावयास कोणी शहाणा शेतकरी जात नाही. मग एका मुलाचे शेजाऱ्याच्या मुलाशी माप का लावावे? कोणी बदनापूरच्याच कृषी महाविद्यालयात शिकेल, कोणी जालन्यास तंत्रनिकेतनात जाईल, कोणी संभाजीनगरास कला शाखा घेईल, आणि कोणी म्हणेल की, आई, मला तुझाच धंदा नीट शिकून मोठा करावयाचा आहे. हे शेवटले उत्तर ऐकून कपाळावर हात मारू नका. आपल्या धंद्यास आपणच हलके लेखले तर त्याचा मान दुसरा कोण ठेवील?

दूर राहूनही माप घेण्याचा हक्क न सोडलेल्या एका आईचे स्मरण येथे करणे योग्य होईल. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा हिचा जन्म १८८१ साली झाला. रमाबाईंचे काम त्यांस इंग्लंडास, तेथून १८८६ साली अमेरिकेस, व पुढे मुंबई-पुण्यास घेऊन गेले, आणि लहान मनोरमेस कित्येक महिने आईवाचून इतरांजवळ राहावे लागले. परंतु मनोरमेस कोणत्या रीतीने वाढवावे, तिला काय शिकवावे, याविषयी रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन यांस लिहिलेली पत्रे आज छापील रूपात उपलब्ध आहेत. त्यांत आपल्या मुलीविषयीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोडून न देणारी जागरूक आई दिसते. पुढे मनोरमा परदेशी शिकली आणि आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. दूर असणे वेगळे आणि विसरणे वेगळे.

तुमचे मूल उद्या वसतिगृहात राहावयास जाईल. तेव्हा हन्नेप्रमाणे तुम्हांसही काही तरी घेऊन जाता येईल. घरचे पापड असोत, शिवलेले पांघरूण असो, किंवा महिन्यातून एक पत्र असो. त्यात मुलास हे दिसले पाहिजे की, मी आज जसा आहे तसा माझ्या आईला ठाऊक आहे. मुलांनीही लक्षात ठेवावे की, शमुवेलाने तो झगा घातला. मंदिरातील सेवेची तागाची वस्त्रे अंगावर आली म्हणून आईच्या हाताचे वस्त्र त्याने टाकून दिले नाही. महाविद्यालयात गेल्यावर आईच्या कात्रीचा आवाज ज्यास लाजिरवाणा वाटतो, त्याने आपल्या फीची पावती एकदा नीट पाहावी.

आणखी एक शब्द घरातील पुरुषांस व मंडळीस सांगावयाचा आहे. हन्ना म्हणाली की, मी यंदा वर जाणार नाही. तेव्हा एलकाना म्हणाला की, तुला बरे दिसेल तसे कर. तो रागावला नाही, लोक काय म्हणतील असे बोलला नाही, आणि पुढे झगा घेऊन जाणाऱ्या पत्नीच्या बरोबर तो स्वतः चालत गेला. जेथे पत्नी दिवसभर खुर्चीमागे उभी असते तेथे पतीने संध्याकाळची चूल पेटविली तर त्याची प्रतिष्ठा जात नाही. मंडळीनेही हरिभाऊ कडूकरांचा धडा घ्यावा. परीक्षेच्या दिवशी एखाद्या भगिनीच्या मुलीस कोणी आपल्या दुचाकीवरून केंद्रापर्यंत पोचवावे. वडील मंडळींपैकी कोणी पेपरानंतर तिला घरी बोलावून चहा द्यावा. ज्यांस प्रवेशाचे अर्ज भरता येतात त्यांनी ज्यांस येत नाहीत त्यांचे अर्ज भरून द्यावेत. "देव तुझे भले करो" असे म्हणून निघून जाणे सोपे आहे. पहिले गिऱ्हाईक होऊन खुर्चीवर बसणे, ही खरी मदत होय.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्या. इब्री शास्त्रात हन्नेच्या त्या लहान झग्यासाठी जो शब्द आला आहे तोच शब्द त्याच पुस्तकाच्या २८व्या अध्यायात, १४व्या ओवीत पुन्हा येतो. तेथे शमुवेल म्हातारा झालेला आहे, किंबहुना मेलेला आहे. आणि शौल राजा त्यास कशावरून ओळखतो? झगा पांघरलेला एक म्हातारा, एवढ्यावरून. सबंध इस्राएलाचा न्याय केलेल्या त्या संदेष्ट्याची ओळख पटविणारे वस्त्र पहिल्यांदा त्याच्या अंगावर कोणी घातले होते, हे आपण जाणतो. आई गेली, शिलो ओस पडले, राजे आले व पडले. परंतु आईने लावलेली ती सवय त्या पुरुषाच्या अंगावर शेवटपर्यंत राहिली.

तर, प्रिय भगिनींनो व बंधूंनो, तुमच्या हातांवर रंगाचे डाग असोत की वस्तऱ्याचे घट्टे असोत, तेच हात आपल्या लेकरासाठी यंदाचा झगा बेतावयास घ्या. गेल्या वर्षीच्या मापावर विसंबू नका. आज रात्री त्याच्याजवळ बसा, त्यास पाहा, त्याचे ऐका, आणि तो किती वाढला आहे हे देवापुढे कबूल करा.

हे आमच्या स्वर्गातील पित्या, तू आमच्या मस्तकावरील केस जाणतोस, मग आमची लेकरे तुला किती अधिक ठाऊक असतील! कष्ट करणाऱ्या आईबापांच्या हातांस बळ दे, त्यांच्या डोळ्यांस पाहण्याची शक्ती दे, आणि घर सोडून शिकावयास निघालेल्या प्रत्येक मुलामुलीस तुझ्या कृपेचे पांघरूण घाल. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.